सात वाजून दहा मिनिटं

रायभानांना एकदा बटण बंद करताना पाहिलं की ते लक्षात राहायचं. आधी बटण बंद करायचं, मग त्यावर तळहात ठेवून थोडं थांबायचं, दाराबाहेर जायचं, आणि चार पावलांवरून परत फिरायचं. पुन्हा हात लावून बघायचा. असं तीनदा. शेजारच्या सगुणाबाई म्हणायच्या, "बायनाबाई, तुमच्या मालकांनी वरातीच्या गॅसबत्त्याबी तीनदा पाहिल्या असतील, तवा घरात आले असतील." बायनाबाई पदर तोंडाला लावून हसायच्या. त्यांची मुलगी प्रांजली मात्र कधी हसली नाही. तिला कारण माहीत होतं.

ती सात वर्षांची असताना रायभान जालन्याजवळ एका जिनिंगवर राखणदार होते. थंडीत मुकादमाच्या खोलीत विजेची शेगडी लावलेली असायची, ती रात्री बंद करणं रायभानांकडं होतं. एका पहाटे कापसाच्या गोदामाला आग लागली आणि गाठींच्या आडोशाला झोपलेला भारत नावाचा हमाल धुरात गुदमरून गेला. भारत रायभानांच्या ताटात जेवायचा. चौकशीत त्यांना विचारलं, रात्री शेगडी बंद केली होती का? रायभान म्हणाले, "केल्ती, असं वाटतंय."

आग कशानं लागली ते कधीच ठरलं नाही. शेगडीनं लागली असं कुणी म्हटलं नाही आणि शेगडीनं लागली नाही असंही कुणी म्हटलं नाही. त्या "वाटतंय"पाशी रायभान अडकले ते कायमचे. मेंढरं राखणाऱ्या बापानं त्यांना एक गोष्ट शिकवली होती, की अंधार पडायच्या आत वाड्याचं काटेरी फाटक लावून घ्यायचं आणि मगच भाकरीला बसायचं. आता मेंढरं राहिली नव्हती. फाटकाची जागा बटणांनी घेतली.

पुढे औद्योगिक वसाहतीतल्या एका बियाणं कंपनीत त्यांना काम मिळालं. सकाळी नऊला ऑफिस उघडायचं, संध्याकाळी बंद करायचं, मधल्या वेळात गेटवर बसायचं. सोळा वर्षांत त्यांनी एकदाच आठ दिवसांची रजा घेतली. त्या रजेचं पुढे येईलच.

प्रांजली कॉम्प्युटर शिकली, चार वर्षं पुण्याला नोकरी केली, आणि नवऱ्याची बदली जालन्याला झाली तेव्हा परत येऊन तिनं स्वतःचं काम सुरू केलं. नाव ठेवलं 'जतन'. काम समजावून सांगायला सोपं होतं. कंपनीचा सगळा कारभार एका सर्व्हरवर असतो, तो जळला तर हातात काही उरत नाही. म्हणून त्यातल्या प्रत्येक गोष्टीची नक्कल रोज इंटरनेटवरून दूर, सुरक्षित जागी पाठवायची. पहिली पूर्ण नक्कल जायला दोन-तीन दिवस लागतात. त्यानंतर दिवसभरात जेवढं बदललं तेवढंच जातं. दिवसा लाइनवर ऑफिसचा भार असतो, म्हणून प्रांजली हे काम रात्री नऊनंतर लावून द्यायची. त्या नकलेच्या कुलुपाची किल्ली, म्हणजे एक लांबलचक संकेतशब्द, लाखबंद पाकिटात घालून मालकाच्या कपाटात ठेवायला द्यायची. लोखंडाच्या कारखान्यांपासून डाळमिलपर्यंत बत्तीस ठिकाणी तिनं हे बसवून दिलं होतं.

बियाणं कंपनीत तिचं नाव रायभानांनीच काढलं. मालकांच्या टेबलापुढं उभं राहून ते म्हणाले, "माझी पोरगी करती ते. बराबर करती."

बसवायला गेली त्या दिवशी नागसेन सर तिच्या खुर्चीमागं येऊन उभे राहिले. ते कंपनीचे शेतावरचे अधिकारी. निवृत्तीला वर्ष राहिलेलं. मिरचीच्या नव्या वाणाच्या नोंदी ते जाड बांधणीच्या वहीत लिहायचे. कोणत्या वाफ्यात कोणतं झाड, फूल कधी धरलं, कोणतं रोगाला टिकलं, सगळं त्या वहीत असायचं.

"पोरी, माझी वही लाइट गेल्यावर बंद पडत नाही," ते म्हणाले.

"सर, पण वही एकच आहे. एक उंदीर पुरतो."

"उंदीर तुझ्या वायरी खात नाहीत वाटतं?"

"खाऊ देत ना. तुमची मिरची तोवर हजार मैलांवर जाऊन बसलेली असेल."

नागसेन सर हसले. जूनपासून त्यांनी वही सोडली आणि बांधावर उभं राहून टॅबवर नोंदी करायला लागले. साठीला टेकलेला माणूस एका बोटानं एकेक अक्षर शोधायचा.

सर्व्हर आतल्या खोलीत होता. प्रांजलीनं त्यावर लाल अक्षरांत कागद चिकटवला, 'बंद करू नये'. वडिलांना दाखवून म्हणाली, "आबा, या पेटीला कधीच हात लावायचा नाही."

"न्हाई लावत माय."

तो शब्द त्यांनी तंतोतंत पाळला. पण इंटरनेटची लाइन बाहेरच्या खोलीत येत होती, तिथं भिंतीवर दिवे लुकलुकणारा नवा राउटर बसवला होता. त्याच्यावर कागद नव्हता. त्याबद्दल ती काही बोलली नाही.

आणि पहिले आठ दिवस रायभान नव्हते. राजूरजवळच्या गावात बहिणीच्या मुलीचं लग्न होतं. अंतरपाटाच्या वेळी नवरीमागं मामा उभा राहायला हवा, आणि रायभान एकटेच मामा. त्यांच्या जागी आलेला माणूस रोज संध्याकाळी नुसतं दाराला कुलूप लावून जायचा. आठही रात्री नक्कल बिनचूक गेली. प्रांजलीनं रोज तपासलं, समाधानानं मान हलवली आणि रोजचं बघणं थांबवलं. त्याच आठवड्यात तिच्या दीड वर्षाच्या लेकीला निमोनिया झाला. बारा दिवस ती दवाखान्यातल्या खुर्चीवर बसून लेकीच्या छातीचा भाता मोजत होती.

यंत्राशी संपर्क तुटला की तिच्या फोनवर इशारा यायचा. पण आपल्याकडे वीज जातेच. बत्तीस ठिकाणांहून दिवसातून पन्नास वेळा फोन वाजायचा. दवाखान्यात असताना तिनं तो इशारा बंद करून टाकला, तो पुन्हा सुरू केला नाही. सकाळी दहाला ती पडद्यावर नजर टाकायची, तेव्हा बियाणं कंपनीपुढं हिरवा ठिपका असायचा. हिरवा ठिपका म्हणजे यंत्र जागं आहे एवढंच, रात्रीची नक्कल गेली असा त्याचा अर्थ नव्हे. हे तिला माहीत होतं. बाकीच्या ठिकाणी दर तीन महिन्यांनी ती नक्कल परत आणून उघडून बघायची. इथं ते राहत गेलं. तिथं काय, आबा आहेतच, असं तिला वाटायचं.

फेब्रुवारीत अवकाळी आला. भर दुपारी गारा पडल्या, विजेचा दाब वाढला आणि सर्व्हरमधल्या दोन्ही डिस्क जळाल्या.

मालक घाबरले नाहीत. "बोलवा रायभानच्या पोरीला," म्हणाले. ती नवं यंत्र घेऊन आली आणि नक्कल परत उतरवायला बसली. यादी उघडली. शेवटची तारीख जूनची होती, पहिल्या आठवड्यातली. तिनं यादी बंद करून पुन्हा उघडली. मग संपर्काची नोंद काढली. रोज संध्याकाळी लाइन तुटलेली, रोज सकाळी नऊच्या आसपास जोडलेली. शनिवारी तुटायची ती सोमवारी जोडलेली. सात दहा. सात दहा. सात अकरा. सात नऊ. आठ महिने.

त्या आकड्यांकडं बघताना तिला एक तळहात दिसायला लागला. जगात दुसऱ्या कुणालाही हे सुचलं नसतं तर चाललं असतं, पण तिला सुचायला हवं होतं. ती त्याच घरात वाढली होती. त्या हातानं तिच्या अभ्यासाचा दिवा रोज तीनदा तपासला होता.

मालकांच्या खोलीत ते तिघं बसले. मालक, नागसेन सर आणि ती. रायभान पाण्याचे ग्लास घेऊन दारात आले आणि ट्रे धरून तिथंच थांबले.

"मिरचीचं किती राहिलं?" नागसेन सरांनी विचारलं.

"जूनचा पहिला आठवडा, सर."

"म्हणजे लावणीच्या आधीचं." सरांनी चष्मा काढला. "काहीच नाही म्हण की."

"बी तर आहे ना आपल्याकडं?" मालक म्हणाले.

"बी आहे. पाकिटांवर आकडे आहेत. आकड्यांचा अर्थ यात होता." सर चष्म्याची काच शर्टाला पुसत राहिले. "आता कोणतं बी कोणत्या झाडाचं, हे झाडालाच विचारावं लागेल. आणि झाडं तर उपटली."

मालक प्रांजलीकडं वळले. "रोज संध्याकाळी लाइन तुटत होती म्हणता. कशानं?"

ट्रेमधला एक ग्लास दुसऱ्याला लागून किणकिणला.

"रोज बघणं माझं काम होतं," प्रांजली म्हणाली. "इशारा मीच बंद करून ठेवला होता. नक्कल एकदाही उघडून पाहिली नाही. चूक माझी आहे."

"ते झालं. पण तुटत कशानं होती?"

यातलं जे तिनं सांगितलं ते सगळं खरं होतं. उरलेलं सांगितलं असतं तर आबांना कुणी कामावरून काढलं नसतं, मालक तेवढे बरे होते. पण एका "वाटतंय"वर ज्या माणसानं वीस वर्षं काढली, त्याच्या हातात ही दुसरी आग कशी द्यायची? आणि ही तर ठरलेली होती. वेळेसकट.

"आता सांगता येत नाही," ती म्हणाली.

नागसेन सरांनी चष्मा लावला. उघड्या दारातून बाहेरच्या भिंतीवरच्या राउटरकडं पाहिलं, मग ट्रेकडं, मग तिच्याकडं. "जाऊ द्या मालक," ते म्हणाले. "सांगता येत नाही म्हणतेय ना ती."

कंपनीनं 'जतन'चं काम बंद केलं. सरांनी नवी वही आणली.

त्या दिवशी ती निघाली तेव्हा रायभान गेटपर्यंत तिच्याबरोबर चालत आले. "माय, ते भिंतीवरचं डबडं हाये ना. संध्याकाळी लई गरम व्हायचं. मी बंद करत व्हतो. त्यानं तर काही न्हाई ना झालं?"

"नाही आबा."

"बिलकुल न्हाई?"

"बिलकुल नाही. वीज पडली, त्यानं झालं."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलले, नातीला दूध पचतंय का विचारलं. मग म्हणाले, "ते डबड्याचं म्हणलो व्हतो मी..."

"आबा, सांगितलं ना काल. त्याचा काही संबंध नाही."

"मंग ठीक."

तो आठवडाभर प्रांजली उरलेल्या एकतीस ठिकाणी फिरली. मालकांना भेटली नाही, राखणदारांना भेटली. प्रत्येकाला एकच विचारलं, संध्याकाळी जाताना तुम्ही काय काय बंद करता? डाळमिलवरच्या गुलाम नबी चाचांनी तिला स्टूल दिलं आणि म्हणाले, "बेटा, मालिक पूछे, मुनीम पूछे, बंद करनेवाले को आजतक किसीने पूछाच नहीं." चाचाही सगळं बंद करायचे. असे आणखी चार निघाले. तिनं छापखान्यातून लाल अक्षरांचे कागद छापून आणले.

रविवारी रायभान नातीला भेटायला आले. नात त्यांच्या मांडीवर बसून त्यांच्या मिशा ओढत होती. प्रांजली आत चहा करत होती. कागदांचा गठ्ठा टेबलावर पडलेला आहे हे तिच्या ध्यानात आलं तोवर उशीर झाला होता. रायभान चौथी शिकलेले. एकेका अक्षराखालून बोट सरकवत ते वाचत होते. 'इंटरनेटचा हा डबा संध्याकाळी बंद करू नये. रात्री चालू ठेवावा.'

ती दारात कप घेऊन उभी राहिली. आता तिसऱ्यांदा विचारतील, असं तिला वाटलं. काय उत्तर द्यायचं, तिनं मनात जुळवायला घेतलं.

त्यांनी विचारलं नाही. चहा बशीत ओतून प्यायले, नातीला खाली ठेवलं, गठ्ठ्यातला वरचा एक कागद घडी करून खिशात घातला. "येतो माय," म्हणाले, आणि जिना उतरले. तिनं खिडकीतून पाहिलं. चार पावलांवर ते थांबले नाहीत, वळले नाहीत, सरळ चालत गेले.

महिनाअखेरीला त्यांनी मालकांकडं किल्ल्या दिल्या. गुडघे दुखतात असं सांगितलं. नंतर नागसेन सरांनी प्रांजलीला फोन करून सांगितलं, की बाहेरच्या भिंतीवर राउटरशेजारी एक लाल अक्षरांचा कागद चिकटवलेला आहे, चारही कोपरे नीट दाबून. 'जतन'चं तिथलं काम बंद झालं होतं, आता काही कुठं जात नव्हतं. सरांनी तो काढला नाही.

परवा बायनाबाईंचा फोन आला.

"तुझ्या आबाचं काय करावं माय, दिवे जळत ठेवून झोपून राह्यलेत. पंखा म्हणू नको, मोटर म्हणू नको. बटणाला हातच लावीनात."

"तू बंद करत जा ना, आई."

"मी करती की. पण बंद केलं की मला हाक मारतेत. म्हणतेत, चालू ठेवायचं तर नव्हतं ना? न्हाई म्हणलं की गप ऱ्हातेत. मंग पुन्हा हाक मारतेत." बायनाबाई थांबल्या. "तीनदा इचारतेत."