आपेनिसाच्या उशीवरची चौकट

पोरगा गेला म्हणायला उनाईसीची जीभ धजत नव्हती. होडी पालथी सापडली, आपेनिसा सापडला नाही, मग गेला कशावरून? लेवुका गावाच्या अख्ख्या किनाऱ्याने रडून घेतलं, पण आईच्या डोळ्यांतून टिपूस निघालं नाही. वर रोज त्याच्या ताटलीत कसावा वाढायची. हट्टी बाई!

पण शंभरावी रात्र जवळ आली. त्या रात्री दुखवटा सुटतो आणि सगळं कूळ एकाच छापाचे कपडे घालून बसतं. ते कपडे आजवर आपेनिसाच छापायचा.

"मीच छापते," उनाईसी म्हणाली. "त्याच्या सामानाला बाहेरच्याचा हात नको."

नणंद तोरिका मदतीला आली. दोघींनी जुनं दार पिंपांवर आडवं टाकलं, वर घोंगडी अंथरून मेणकापड ताणलं, छापायची चौकट उघडमीट करायला कडेला बिजागऱ्या ठोकल्या. रंग ओढायला रबराची पट्टी होतीच. राहिली चौकट. मोडक्या खिडकीची, पडद्याचं झिरझिरीत कापड जाळी म्हणून ताणून आपेनिसाने केलेली, त्याच्या खाटेवर, उशीच्या बरोबर वर खिळ्याला टांगलेली.

उनाईसीने हात वर नेला आणि पुटपुटली, "तुलोऊ." कुणाच्या डोक्यावरून हात न्यायचा तर आधी एवढी माफी मागावी, हे तिथलं शेंबडं पोरही जाणतं. पण खाट तर रिकामी होती.

"वहिनी, माफी कुणाची गं? उशीची?" तोरिका हसली. मग तिचं तिलाच कसंसं झालं.

जाळीवर आपेनिसाचा शेवटचा छाप होता, उडता मासा. तो घालवल्याशिवाय नवा बसणार नव्हता. उनाईसी औषध लावून घासू लागली.

"जोर लाव की! बाळाला न्हाऊ घालतेस काय?"

उनाईसीचा हात तसाच हळू फिरत राहिला. खरं सांगायचं तर तिला तो मासा पुसायचाच नव्हता.

मग जाळीवर लेप दिला. तो उजेडात घट्ट होतो, म्हणून अंधारात वाळवायचा. चौकट खाटेखाली सरकवून दोघी दाराबाहेर बसल्या. आत खाट करकरली. दोघींनी ऐकलं, कुणीच उठलं नाही. लेप वाळल्यावर त्यावर काळ्या कागदाची चाफ्याची फुलं मांडली, आपेनिसाच्या फोटोची काच दाबली आणि चौकट उन्हात धरली. पाणी मारलं तशी फुलांपुरती जाळी मोकळी झाली.

पहिल्या कापडावर लाल चाफा उमटला, आणि पाकळ्यांच्या आत निळसर पंख, शेपटी, एक डोळा.

"अगं बाई!" तोरिका मागे सरली. "जुना रंग धाग्यात मुरलाय, तोच सुटतोय. दुसरं काही नाही."

"आलाय तो," उनाईसी म्हणाली. "मी म्हटलं नव्हतं?"

"शहाणी हो, वहिनी. पुन्हा धुऊ या."

"हात लावून तर बघ!"

ते पहिलं कापड तोरिकाला दिलं. मग दिरांची, जावांची, पोरासोरांची कापडं भराभर छापली. स्वतःचं मात्र शेवटी ठेवलं, घरची बाई शेवटी जेवते तसं. तिथेच घात झाला. दर कापडागणिक मासा विरत होता आणि छापायच्या नादात तिचं लक्ष नव्हतं. तिच्या कापडावर नुसता चाफा उठला. तिने पट्टी पुन्हा ओढली, दात खाऊन ओढली. लाल रंग तेवढा फरफटला.

तोरिकाने आपलं कापड पुढे केलं. "हे घे, वहिनी. यात आहे तो."

"नको. तुझं ते."

उनाईसीने चौकट धुतली आणि उशीवरच्या खिळ्याला टांगून आली. दारापर्यंत येऊन थबकली. या खेपेला उशीवरून हात नेताना ती तुलोऊ म्हणालीच नव्हती. आठवणच झाली नव्हती.

ती परत फिरली, खाटेच्या कडेला बसली, उशीवर हात ठेवला.

"वन्सं," ती दाराशी आलेल्या तोरिकाला म्हणाली, "इथं कुणी नाही गं. गेला माझा आपेनिसा." आणि तिने हंबरडा फोडला.