जावेच्या घराच्या विटा

माझा स्वभाव तापट आहे. वस्तीवर कुणालाही विचारा. दुसऱ्याची चूक दिसली की मला गप्प बसवत नाही, मग समोर सासू असो नाहीतर सरपंच. त्या वर्षी मात्र चूक माझी होती आणि मी तोंड शिवून उभी राहिले, तेही दुसरीला शिव्या पडत असताना.

आमची वस्ती शिरूर कासारच्या बाजूला, माळावर. दिवाळी झाली न झाली की नवराबायकोच्या जोड्या ऊसतोडीला निघतात आणि उन्हाळ्यात परततात. मागे राहतात म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं, पत्र्याच्या शेडांत. शेडचं दार म्हणजे वरून सोडलेलं पोतं. माझ्या धाकट्या जावेची मुलगी दहावीत गेली तेव्हा हे पोतं दिराच्या डोळ्यांत सलायला लागलं.

"असल्या शेडात तरणी पोर ठेवून म्या कारखान्याला जाऊ?" तो म्हणाला. "आतून कडी लागंल असं घर झालं तर ऱ्हाईल. न्हाई तर तोडीची गाडी यायच्या आधी लगीन उरकून टाकतो. पाव्हणे तयारच हायती."

पोरगी पंधरा वर्षांची. तो बोलला म्हणजे करणार, हे आम्हाला ठाऊक होतं. माझंही लग्न असंच, गाडी यायच्या आधी घाईघाईत लागलं होतं. वही मिटून दप्तरात ठेवली ती पुन्हा उघडली नाही. त्यामुळे त्या पोरीच्या बाबतीत मला चैन पडेना.

पेरणीला आम्ही सावड करतो. आज सगळे तुझ्या रानात, उद्या सगळे माझ्या. बचत गटातल्या बायकांनी ठरवलं की घरंही सावडीनेच बांधायची. घाटनांदूरकडच्या एका गटाकडे विटा दाबायची हाताची मशीन होती, ती पंधरा दिवसांसाठी मागून आणली. माळाचा मुरूम चाळायचा, त्यात थोडं सिमेंट मिसळायचं आणि दांडा दाबून वीट काढायची. ना भट्टी, ना कोळसा. चिठ्ठ्या टाकल्या तर पहिलं घर जावेचं निघालं आणि दुसरं माझं. दोघींच्या विटांचे दोन ढीग लागले.

कामं वाटली तेव्हा मिसळण जावेकडे गेली आणि पाणी माझ्याकडे आलं. या विटा भाजलेल्या नसतात, म्हणून तीन आठवडे त्यांच्यावर रोज पाणी मारावं लागतं, तेव्हा कुठे सिमेंट धरतं. मशीन द्यायला आलेल्या बाईंनी हे तीनतीनदा बजावलं होतं. मी मान डोलावली होती.

पण तो भाद्रपद कोरडाच होता. टँकर एक दिवसाआड यायचा. लहानपणी तांब्याभर पाणी सांडलं म्हणून मी आईची चापट खाल्लेली आहे. आमच्याकडे भांडी राखेने घासतात, अंघोळीचं पाणी जनावराला जातं. भरलेली घागर उचलून जावेच्या ढिगापाशी जायचे आणि माझा हात धजायचा नाही. प्यायचं पाणी मातीवर ओतायचं? मी ढिगावर पांघरलेलं बारदान तेवढं भिजवायचे. लांबून सगळं ओलं दिसायचं. उरलेली घागर परत रांजणात.

माझा ढीग आमच्या मोरीच्या तोंडाशी होता. खरकटं, धुण्याचं, जे पाणी वाहायचं ते मी त्याच्यावरच सोडायचे. त्याला जिवावर येण्यासारखं काहीच नव्हतं. ढीग तिथं योगायोगाने लागला असं मी पुढे खूप जणांना सांगितलं. जागा मीच दाखवली होती.

आश्विन संपत आला तेव्हा जावेच्या भिंती खिडकीपर्यंत चढल्या होत्या. गाडी यायला आठ दिवस. वस्तीवरचा म्हातारा गवंडी ओळंबा लावून कोपरा बघत होता, आणि त्याच्या बोटाखाली वीट झडली. त्याने नखाने उकरलं तर आतून कोरडा मुरूम सांडला. त्याने एक शिल्लक वीट पाण्याच्या बादलीत टाकली. आमचा चहा होईपर्यंत बादलीत नुसता चिखल उरला.

दीर जावेवर धावून गेला. "सिमेंट कमी टाकलं तू! घर घर करत बसली आन् माती थापली!"

"न्हाई ओ, मापानं टाकलं. देवाशपथ."

"मंग इरघळली कावून?"

"कावून वरडतो रं तिच्यावर?" गवंडी म्हणाला. "वीट फोडून बघू आधी, सिमेंट किती हाय ते."

"काय बघायचंय? आठ दिस ऱ्हायले. मशीन माघारी गेली. ठरलं आता, पाव्हण्यांना फोन लावतो."

त्याने खिशातून मोबाईल काढला. पोरगी समोरच वाळू चाळत होती, तिची चाळणी थांबली. जावेने मान खाली घातली. तिला स्वतःचाच संशय यायला लागला होता, हे मला तिच्या तोंडावर दिसलं. मला सगळं कळत होतं. वस्तीवर आजवर मी कुणाकुणाच्या चुका चव्हाट्यावर आणल्या, त्या सगळ्या बायका तिथे उभ्या होत्या. मला लाज वाटत होती, पोरीची काळजी नंतर. हे असंच होतं, खोटं कशाला लिहू?

दिराने फोन कानाला लावला. तिकडे रिंग वाजत असणार.

"भावजी, ठिवा तो फोन," मी म्हणाले. "सिमेंट बराबर होतं. पाणी म्या मारलं न्हाई."

दिराने फोन खाली घेतला, पण बंद केला नाही. त्यातून कुणीतरी हॅलो हॅलो करत होतं.

"मारलं न्हाई म्हंजी?" जावेने विचारलं.

"हात धजला न्हाई. बारदान भिजवलं नुसतं." मग एका दमात बोलून टाकलं, "माझा ढीग पक्का हाय. त्यो घ्या. भिंत पाडा आन् माझ्या विटा लावा."

गवंड्याने माझ्या ढिगातली एक वीट दुसऱ्या बादलीत टाकली. तिच्याकडे बघत आम्ही किती वेळ उभे होतो कोण जाणे. वीट तशीच राहिली. दिराने फोनवर "मंग बोलतो" एवढंच सांगितलं. नकार दिला नाही.

आमचे हे संध्याकाळी म्हणाले, "म्हंजी आपण आणखी एक साल पोत्यातच." मी हो म्हणाले. त्यानंतर आठ दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत.

भिंत पाडायला अर्धा दिवस लागला. मग सगळी वस्ती रांगेने उभी राहिली आणि माझ्या मोरीपासून जावेच्या जोत्यापर्यंत वीट हातोहात जाऊ लागली. रांगेत जाऊ माझ्या शेजारी होती. माझ्या हातातली वीट घ्यायची, पण वर बघायची नाही. दीर काम करायचा आणि मधूनच फोन काढून बघायचा. पाव्हणे रोज विचारत होते. पाचव्या दिवशी खिडकीच्या वर गेलो, सातव्या दिवशी शेडचेच पत्रे उतरवून वर चढवले. दार तेवढं राहिलं.

आठव्या दिवशी सकाळी ट्रक माळाखाली येऊन उभा राहिला आणि हॉर्न द्यायला लागला. बाकीच्या जोड्या भांडी, सरपण, शेरडं चढवत होत्या. गवंडी बिजागऱ्या ठोकत होता. मुकादम दोनदा वर येऊन ओरडून गेला. शेवटचा स्क्रू बसला तशी पोरगी आजीला घेऊन आत गेली आणि कडी लागल्याचा आवाज आला.

कडी टिकते का ते बघायला दिराने खांदा लावून दार ढकललं. मग मागे सरून लाथ घातली. दार जागचं हललं नाही. पुन्हा एक लाथ. मग त्याने मोबाईल काढला आणि आमच्या सगळ्यांसमोर पाव्हण्यांना सांगितलं, यंदा न्हाई, पोरगी शिकतीय. माझ्या डोळ्यांना धार लागली.

"उघड गं आता," जाऊ दाराशी जाऊन म्हणाली. "तोंड बघू दे, निघावं का न्हाई आमी?"

आतून आवाज आला, "तुमी जा. गाडी गेल्यावर उघडते."

"अगं, म्या हाय."

"तुमी जा, आई."

मी पुढे झाले. "म्या हाय, मोठीआई. पाव्हण्यांना न्हाई म्हटलं तुझ्या पप्पानं. उघड." कडी निघाली नाही. खाली हॉर्न वाजत होता. जावेने दोन्ही तळवे दारावर टेकवले, आणि आम्ही उताराला लागलो. ट्रक डांबरीला लागेपर्यंत मी मागे बघत होते. दार बंदच होतं.