मागदालेनबाईंची छडी

मागदालेनबाईंच्या छडीचा मार शाळेतल्या एकाही पोराला कधी बसला नाही. माझ्या बाबांना मात्र बसला.

मी सातवीत होते. वर्गात वाचायला उभं केलं की छातीत धडधडायचं, बोटं बधिर व्हायची, ओकारी यायची. शेवटी शाळेच्या वाटेवर पायच उचलेना. घरचे उपाय ओळीने झाले: आधी शिव्या, मग थपडा, मग विहिरीचा ओला दोर. पाठ सोलून निघाली, भीती तशीच. मग आजी म्हणाली, "दिष्ट लागली पोरीला." शेगडीतल्या निखाऱ्यांवर मिरच्या पडल्या आणि बाबांनी मानगूट धरून माझं तोंड त्या धुरात दाबलं.

पोर शाळेत का येत नाही, हे विचारायला बाई पापडी गावातल्या आमच्या घरी आल्या त्या नेमक्या तेव्हा. त्यांनी शेगडी लाथेने उडवली. बाबांनी माझ्यावर दोर उगारला, तोच छडी त्यांच्या मनगटावर बसली. बाबांनाही लहानपणी त्यांनीच शिकवलं होतं.

"पास्कू, पोर मारून टाकतोस काय?"

"नाटकं करते ती, बाई!"

"नाटक? ठेव हात तिच्या पाठीवर. एवढं धडधडवून दाखव, मग बोल."

बाबांनी हात ठेवला. सोललेल्या पाठीखाली काळीज कसं आपटतंय ते त्यांना कळलं. दोर त्यांनी स्वतःच खाली टाकला.

दुसऱ्या दिवसापासून बाई शाळेआधी मला न्यायला यायच्या. आधी वाडीच्या कुंपणापर्यंत, काही दिवसांनी वाटेवरच्या क्रुसापर्यंत, मग शाळेच्या फाटकापर्यंत. मी त्यांच्या हातात नखं रुतवायचे. एकदा कडकडून चावले.

"चाव," त्या म्हणाल्या. "घरी जायचं ना? जाऊ. पण धडधड उतरल्यावर. भीती पळवेल तेव्हा पळायचं नाय, बाय."

हातावरचं रक्त पदराने पुसून त्या तिथेच उभ्या राहिल्या. धडधड खरंच उतरली. नाताळपर्यंत मी वर्गात दाराजवळच्या बाकापाशी उभी राहून वाचू लागले.

मी कॉलेजात असताना बाई गेल्या. त्यांच्या मिस्सेत, देवळातल्या शेवटच्या प्रार्थनेत, फादरांनी बायबलचं वाचन मला दिलं. पुस्तक उघडलं आणि तीच धडधड. देवळात चुळबुळ सुरू झाली. मागून कुणीतरी म्हणालं, "वाच की, बाय!"

पहिल्या बाकावरून बाबांनी मागे न बघता हात वर केला. छडी खाल्लेला तोच हात.

"थांबा जरा. धडधड उतरू द्या तिची."

उतरली. मग वाचलं.