पूर्ण पत्ता

बाबांच्या संगणकात फाइल शोधायची म्हणजे आधी जिल्हा उघडायचा, मग तालुका, मग गाव, मग घर. अकोल्याच्या टपाल कचेरीत गावागावांची पत्रं वेगळी लावण्यात त्यांची अख्खी नोकरी सरली. निवृत्तीनंतर ते मोबाइलवर घरच्यांचे आवाज रेकॉर्ड करायला लागले, तेव्हा त्यांनाही तीच शिस्त लावली. अमरावती, तिवसा, आईचं माहेर, स्वयंपाकघर, आणि आत फाइल: ‘अंबाडीची भाजी निवडताना गुणगुणली ते, मी रेकॉर्ड करून राहिलो हे तिले माहीत नव्हतं’. एवढं लांब नाव कशाला, असं मी एकदा विचारलं होतं. अर्धा पत्ता लिहू नाही, एवढंच म्हणाले.

आईला जाऊन तीन वर्षं झाली होती. त्या रविवारी मी अमरावतीहून आले ती त्यांचा जुना संगणक रिकामा करायला. संध्याकाळी तो पुसून शेजाऱ्यांना द्यायचा होता. फाइली नव्या डिस्कवर न्यायला मी स्वतः लिहिलेला प्रोग्रॅम आणला होता. आमच्या कंपनीची बरीच गिऱ्हाइकं तो वापरतात, त्यामुळे मी जरा तोऱ्यातच होते. दहा मिनिटांत पडद्यावर आलं, ‘काम पूर्ण झाले.’

“आईचं दाखव,” बाबा म्हणाले.

फोल्डर उघडलं तर रिकामं.

जुन्या संगणकावर सगळं जागच्या जागी होतं, म्हणून जीव भांड्यात पडला. मग मला भलतंच कुतूहल वाटायला लागलं. नेमकं आईचंच का सुटलं? मी अक्षरं मोजायला बसले. पहिल्या फोल्डरपासून फाइलच्या शेवटच्या अक्षरापर्यंतचा अख्खा मार्ग दोनशेसाठच्या घरात गेला, की जुन्या वळणाचे प्रोग्रॅम हात टेकतात. त्यात आपली वेलांटी वेगळी मोजतात, अनुस्वार वेगळा, अक्षराचा मोडलेला पायसुद्धा वेगळा. शिवाय नव्या डिस्कवर मी वरून आणखी एक लांबलचक फोल्डर चढवलं होतं. बाकीच्यांच्या फाइलींची नावं बाबांनी बेताची ठेवलेली, लांब होती ती फक्त आईची. आणि माझ्या प्रोग्रॅममध्ये माझ्याच हातची ओळ होती: मार्ग लांब असेल तर सोडा, पुढे चला. लिहिताना ती मला मोठी हुशारी वाटली होती. आता लाज वाटली.

बाबांना सांगितलं, तर ते चिडलेच. “पत्ता लंबा हाये म्हणून चिठ्ठी फेकून देतेत काय? नाही पोचली त कारण लिहून वापस पाठवतेत. अन् तू लिहिलं, काम पूर्ण?”

“नावं थोडी लहान करू का?”

“कर. कोणता शब्द काढशील, तूच सांग.”

मी ते अंबाडीचं नाव दोनदा वाचलं. एकही शब्द काढवेना.

माझं वरचं फोल्डर छोटं केलं असतं, तरी त्या दिवसापुरतं भागलं असतं. पण गिऱ्हाइकांकडे आजवर काय काय सुटलं असेल, हे डोक्यातून जाईना. दुपारभर बसून ती ओळ खोडली. आता प्रोग्रॅम लांब मार्गही नेतो, नाव कापत नाही, आणि नेता आलंच नाही तर कोणती फाइल राहिली आणि का, ते सांगतो.

पुन्हा चालवला. आईच्या सगळ्या फाइली आल्या. खात्रीसाठी मी अंबाडीची लावली. भांड्याचा आवाज आला, आई खाकरली, आणि बाबांनी घाईघाईने माझा हात धरला.

“बंद कर,” ते म्हणाले. “ती गेल्यापासून एकबी ऐकलं नाही म्या. हाये, एवढं मालूम असलं की पुरे.”