थारोळ्याखालचे दोन डबे

नरहरकाकांच्या हातचा शिक्का कधी तिरका पडला नाही. छत्तीस वर्षं जालन्यात टपालाच्या खिडकीमागे बसून त्यांनी लाखो पत्रांवर शिक्के मारले आणि एकाही तारखेचा आकडा फरकटू दिला नाही. या गोष्टीचा त्यांना इतका अभिमान, की घरी लग्नपत्रिका आली तरी आधी पाकिटावरचा शिक्का बघायचे, ‘काय गिचमीड केलीय’ म्हणून हळहळायचे, आणि लग्न कुणाचं आहे ते शरयूकाकूंनाच वाचून सांगावं लागायचं. निवृत्तीच्या दिवशी शाल मिळाली, नारळ मिळाला. त्यांना हवा होता तो शिक्का. पण तो पडला सरकारी, तो कोण देणार?

मग काकांनी स्वतःच शिक्के करायला घेतले. शाळेच्या पोरांचे मोठे खोडरबर आणायचे, ब्लेडने कोरायचे आणि जांभळ्या शाईत बुडवून दिसेल त्या कागदावर उठवायचे. वाण्याची यादी, विजेचं बिल, काकूंचं पंचांग, काही सुटलं नाही. पंचांगात ऐन संकष्टीवर बैल उमटला तेव्हा काकू भडकल्या आणि म्हणाल्या, की हे शिक्के घराबाहेर कुठेतरी न्या. ती वाट दाखवली गंधालीने. ही काकांची पुतणी, नोकरीसाठी इंग्लंडात असते. तिकडे म्हणे एक खेळ आहे. माळावर कुठेतरी डबा लपवायचा. डब्यात एक शिक्का, शाईचं पॅड आणि एक वही. ठिकाणाच्या खुणा कोड्यात लिहून द्यायच्या. ज्याला डबा सापडेल त्याने डब्यातला शिक्का आपल्या वहीत उठवायचा, स्वतःचा शिक्का डब्यातल्या वहीत उठवायचा, आणि सगळं होतं तसं ठेवून निघून जायचं. घ्यायचं काही नाही, द्यायचंही काही नाही, नुसतं येऊन गेल्याची खूण. काकांना वाटलं, हा खेळ कुणीतरी आपल्यालाच डोळ्यापुढे ठेवून काढलाय.

गेल्या दिवाळीनंतर त्यांनी जिल्ह्यातला पहिला डबा लपवला. वडीगोद्रीजवळ काकासाहेब नावाच्या ओळखीच्या शेतकऱ्याची मोसंबीची बाग आहे, तिथे एक जुनी विहीर. मोटेचं पाणी पूर्वी ज्या दगडी थारोळ्यात ओतलं जायचं, त्याच्याखाली छान कपार होती. काकांनी रीतसर परवानगी मागितली. काकासाहेबांना खेळ काही कळला नाही, पण पाहुण्याला नाही कसं म्हणायचं, म्हणून ते म्हणाले, ठेवा की. स्टीलचा डबा, आत कोरी वही, आणि काकांनी आठ दिवस खपून कोरलेला शिक्का: टपालपेटीवर बसलेली साळुंकी. कोडं लिहून त्यांनी वाचनालयाच्या फलकावर लावलं, ओळखीच्या साठ जणांना पोस्टकार्डाने पाठवलं आणि गंधालीलाही धाडलं. शेवटची ओळ होती, ‘तिथे साळुंकी वाट बघते.’

साळुंकीने वाट बघितलीच. साठातल्या एकानेही पाय हलवला नाही. गुडघ्यांमुळे काकांना सारखं जाता येईना, तेव्हा थेट ऑगस्टमध्ये ते एसटीने वडीगोद्रीला गेले. डबा उघडला तर वही कोरी आणि तळाशी मूठभर शेंगदाणे. खारीचं काम, असं काकांनी ठरवून टाकलं. घट्ट झाकणाचा डबा उघडून पुन्हा लावणारी खार जालना जिल्ह्यात कुठली, असा प्रश्न त्यांना पडला नाही. पडणार कसा, कारण तेवढ्यात त्यांना थारोळ्याच्या दुसऱ्या बाजूला आणखी एक डबा दिसला. हिरवा, प्लास्टिकचा. आत वही. वहीत नावं. शिवाय गोट्या, चावीची कडी, एक शिट्टी.

म्हणजे जिल्ह्यात आणखी कुणीतरी हा खेळ खेळतंय. काकांना भरून आलं. त्या बिचाऱ्याला शिक्क्याचा नियम नीट माहीत नसावा, म्हणून त्यांनी आपला खासगी शिक्का, म्हणजे चष्मा, त्याच्या वहीत उठवला. एका पानावर समाधान होईना. मग जुना हात चालू लागला आणि शंभर पानी वहीच्या प्रत्येक पानावर चष्मा, खाली ‘पाहिले’, तारीख आणि आडवी सही अशी सगळी कारवाई उरकूनच ते उठले. परतीच्या एसटीत त्यांनी कंडक्टरला सगळा खेळ समजावून सांगितला आणि स्वतःचा स्टॉप चुकवला.

आता दिवाळी झाली होती आणि गंधाली दहा दिवसांसाठी आली होती. त्यातला एकच दिवस काकांच्या डब्यासाठी राखलेला. तिकडे तिने दोनशेवर डबे शोधले होते. ‘काका, मी वही उघडली की किती जण येऊन गेले ते मोजणार,’ असं तिने आधीच कळवलं होतं, आणि हे वाक्य काकांना टोचत होतं. टपालात जन्म गेलेल्या माणसाने पेटी मांडली आणि वर्षभरात एक पत्र पडलं नाही, हे पोरीला कसं दाखवायचं? निदान डबा तरी लखलखीत असावा म्हणून ते दोन दिवस आधी एकटेच विहिरीवर गेले.

काकांनी डबा उघडला. साळुंकी नव्हती. तिच्या जागी रबरी बेडूक आणि कोपऱ्यात दोन शंकरपाळे. वहीच्या पुठ्ठ्यावर, आतल्या पानांना हात न लावता, पेनाने लिहिलं होतं: ‘घेतलं: शिक्का. ठेवलं: बेडूक. धन्यवाद. पार्थ, मंठा.’ चोरी करायची ती करायची आणि वर धन्यवाद? हिरव्या डब्याच्या झाकणावर याच पार्थचा फोन नंबर होता. काकांनी तिथूनच फोन लावला.

पार्थ मूळ मंठ्याचा, नोकरी संभाजीनगरच्या कारखान्यात. त्या दिवशी तो अंबडला मावशीकडे आलेला होता. काकांनी आवाज चढवून आपण कोण ते सांगितलं, तर पलीकडून उलट सुटकेचा श्वास ऐकू आला. पाऊण तासात तो मोटारसायकलवर हजर झाला आणि आल्या आल्या काकांच्या पाया पडला.

“काका, चष्म्याचा शिक्का तुमचा व्हय? म्या सप्टेंबरात वही उघडली तर पानापानावर सही-शिक्का. मला वाटलं डबा जप्त झाला. दोन महिने मी तलाठ्याच्या नोटिशीची वाट पाहून राह्यलो.”

त्याचा खेळ वेगळाच निघाला. फोनवरच्या नकाशात एक ठिपका असतो, त्या ठिपक्यावर जायचं, डबा शोधायचा, वहीत नाव लिहायचं, डब्यातली एक वस्तू घ्यायची आणि आपली एक ठेवायची. सप्टेंबरातल्या त्या गडबडीत त्याला स्टीलचा डबा सापडला. तोही आपल्याच खेळातल्या कुणाचा असेल असं समजून त्याने साळुंकी घेतली, चांगला नवाकोरा बेडूक ठेवला, आणि घाईघाईत साळुंकी आपल्या हिरव्या डब्यात टाकून पळाला. म्हणजे ती इथेच, दोन हातांवर असायला हवी होती. दोघांनी हिरवा डबा पालथा केला. साळुंकी नाही, शिट्टी नाही, गोट्या नाहीत. होत्या फक्त चार करंज्या आणि मुंग्यांची रांग. त्याच्या वहीत भटक्यांच्या नोंदी मात्र होत्या, त्या काकांनी मोठ्याने वाचल्या. ‘घेतलं: तिळाचा लाडू. ठेवलं: गोटी.’ ‘घेतलं: पाडव्याची गाठी. ठेवली: शिट्टी. ठिकाण उत्तम.’

पार्थ म्हणाला, की मला वाटलं आपल्याच लोकांनी चालवलंय. काकांनी बेडकाकडे पाहिलं, करंज्यांकडे पाहिलं, आणि त्यांच्या मनातली खार त्या क्षणी कायमची मेली. करंजी तळणारी खार त्यांनाही पटेना.

दोघे बागेत शिरले. तोडणी चालू होती. मोसंबीच्या ढिगापाशी काकासाहेबांच्या पत्नी उषाबाई पुठ्ठ्याची खोकी भरत होत्या आणि भरलेल्या प्रत्येक खोक्यावर धप्पकन काहीतरी हाणत होत्या. ओळीने तीसेक खोकी, आणि प्रत्येकावर जांभळी साळुंकी टपालपेटीवर बसलेली. काही डोक्यावर उभी, काही कुशीवर, एकीला तर शेपूटच नव्हतं. काकांचा राग शिक्क्याच्या चोरीवरून निघाला आणि शिक्का मारण्याच्या पद्धतीवर येऊन थांबला. ते काही बोलायच्या आधी उषाबाईंनी दोघांच्या हातात सोललेली मोसंबी ठेवली. तोंडात फोड असताना माणसाला रागावता येत नाही.

पार्थने शिक्क्याचं विचारलं. उषाबाई जराही गडबडल्या नाहीत. त्यांचं म्हणणं सरळ होतं. दर अमावस्येला त्या विहिरीला हळदकुंकू वाहायला जातात. गेल्या वर्षी तिथे स्टीलचा डबा दिसला. आत वही आणि शिक्का, म्हणजे सरकारी. त्याला हात लावला नाही. नंतर हिरवा डबा आला. त्यात खेळणी होती, ती मजुरणींच्या लेकरांना वाटली. मग एका अमावस्येला तो शिक्काच खेळण्यांत येऊन पडला, तेव्हा त्यांना वाटलं की सरकारने सोडला. पुण्याला आता लोक ‘साळुंकीची मोसंबी’ म्हणून मागतात, हेही त्यांनी सांगितलं.

“आणि ते शेंगदाणे? लाडू?” काकांनी विचारलं.

“डबा आपल्या वावरात आल्ता,” उषाबाई म्हणाल्या. “कुणाचा का असंना. रिकामा कसा ठेवावा? दर खेपेला शिळं काढून दोन्हीत काहीबाही घालीत गेले.”

“दर खेपेला? म्हणजे किती वेळा उघडलात माझा डबा?”

त्यांनी बोटांवर अमावस्या मोजल्या. “अकरा.”

काका खोक्यावरच बसले. वर्षभर ते साठ पोस्टकार्डांना शिव्या घालत होते, वाचनालयाच्या फलकाला नावं ठेवत होते, आणि ही बाई अकरा वेळा येऊन, डबा उघडून, त्यात खाऊ ठेवून, झाकण घट्ट लावून गेली होती. त्यांना हसू आलं. मग ते इतकं आलं की पार्थने पाणी आणून दिलं.

“अहो, मग वहीत काही लिहिलं का नाही?”

“पाव्हण्याच्या वहीत कोण लिव्हतं?”

काकांनी त्यांना नियम समजावला. येणाऱ्याने आपली खूण ठेवायची असते, नाहीतर ठेवणाऱ्याला कळत नाही, आणि त्याच्या जिवाला घोर लागतो. शेवटचं वाक्य नियमात नव्हतं, पण ते काका बोलून गेले. उषाबाईंनी साळुंकी लुगड्याच्या पदराला पुसून त्यांच्या हाती दिली. काकांनी लगेच कबूल केलं, की आठ दिवसांत तुमच्यासाठी दुसरी साळुंकी कोरून आणीन, आणि तो शिक्का सरळ कसा मारायचा तेही शिकवीन. उषाबाईंनी एवढंच सांगितलं, की आमच्या साळुंकीची चोच दुसरीकडं करा, म्हणजे सरमिसळ व्हायची नाही. मग त्या दोघांबरोबर विहिरीवर आल्या.

दोन दिवसांनी गंधालीने कोडं सोडवत सोडवत बाग ओलांडली. काका मुद्दाम वीस पावलं मागे राहिले होते. तिने कपारीत हात घातला, डबा काढला, साळुंकी पाहून टाळी वाजवली. मग तिने वही उघडली.

पहिलं पान लाल होतं. पाचही बोटं फाकलेला, पाणी घालून कालवलेल्या कुंकवाचा अख्खा तळहात, रेघा न् रेघा उठलेला, आणि जराही तिरका नाही. खाली काकांच्या अक्षरात तारीख.

“काका,” गंधाली म्हणाली, “माझ्याआधी कुणीतरी येऊन गेलंय.”

“अकरा वेळा,” काका म्हणाले.

तिने काकांकडे नीट पाहिलं. तळहाताशेजारच्या पानावर तिने स्वतःचा शिक्का उठवला, डब्यातला चिवडा खाल्ला, आणि झाकण लावणार एवढ्यात काकांनी तिचा हात धरला. तिने पिशवी चाचपली. विमानात मिळालेली चॉकलेटं निघाली, ती काकांनी मोजूनमापून दोन्ही डब्यांत सारखी वाटली.