दहनकक्षाची भोकं

साठ सालानंतरची गोष्ट. मी मूळचा तिवशाचा. अमरावतीच्या एका कॉलेजात यंत्रविद्या शिकवायला नुकताच लागलो होतो. आमचे विभागप्रमुख सहा महिने विलायतेत राहून आले होते. येताना त्यांनी एक जाड लोकरी कोट आणला आणि एक ध्यास आणला. कोट आमच्या उन्हात वापरता येईना, म्हणून सगळा जोर ध्यासावर आला. छोट्या विमानाच्या टर्बाइन इंजिनाचा दहनकक्ष सुधारायचा!

दहनकक्ष म्हणजे इंजिनात इंधन जिथं जळतं ते भोकाभोकांचं पत्र्याचं नळकांडं. इंजिन आमच्याकडे नव्हतं. विमान मी मान वर करून आभाळात पाहिलं होतं तेवढंच. सर म्हणाले, "संशोधकाला इंजिन लागत नाही, दृष्टी लागते." ती त्यांच्याकडे होती. बाकीचं, म्हणजे नळकांडं, रॉकेलचा फवारा आणि कापसाच्या एका जिनिंगमधून मागून आणलेला हवेचा पंखा, मी जमवलं.

भोकं सरांनी आखली. सगळी एका मापाची, सारख्या अंतरावर. कागदावर रांगोळीसारखी दिसायची. पंखा सुरू झाला की ज्योत जरा फडफडायची आणि विझायची. सर म्हणाले, रॉकेलमध्ये भेसळ आहे. रॉकेल बदललं. मग म्हणाले, पत्राच देशी. पत्रा बदलला. त्यानंतरही विझली तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की आता बदलायचं काय उरलं ते मला समजलं. शंका मला भोकांची होती. पण माझी नोकरी अजून कायम व्हायची होती.

नवं नळकांडं करून घ्यायला मी अकोल्याच्या एका मिस्त्रींकडे गेलो. पेट्रोमॅक्स आणि स्टोव्ह दुरुस्त करण्यात त्यांची दाढी पांढरी झाली होती. त्यांनी चित्र सुलटं पाहिलं, मग उलटं धरून पाहिलं.

"हवा किती जोरानं येते यात?"

"लय जोरानं, चाचा. ज्योत टिकूनच नाही राहिली."

"कशी टिकंल? पेटली नाही तं तुमी तिले फुकून राहिले. अन् इझली काहून म्हून मलेच इचारता!"

त्यांनी टिनाच्या तुकड्यावर खिळ्यानं रेघा ओढल्या. फवाऱ्यापाशी भोकं थोडी आणि बारीक. मोठी भोकं पार पुढे. फवाऱ्याभोवती वाकवलेल्या पात्यांचं कडं, म्हणजे शिरणारी हवा गरगर फिरेल आणि ज्योतीला आडोसा मिळेल.

"पह्यले तिले धड पेटू द्या. थंडी हवा मंग."

विलायती ग्रंथांत हेच पानंच्या पानं लिहिलेलं होतं. मी ते वाचलंही होतं. कळलं मात्र त्या दुकानात.

आठवड्याभरात त्यांनी केलेल्या नळकांड्यात ज्योत पंख्यासमोर निळी होऊन ठाम उभी राहिली. सरांनी पाहुणे बोलावले, तो कोट चढवला आणि घामाघूम होत, "माझ्या कल्पनेला आज आकार आला," असं भाषण केलं. टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो.

या प्रयोगावरचा लेख मी लिहिला. शेवटी आभारांत मिस्त्रींचं नाव घातलं.

"यांचं शिक्षण?" सरांनी विचारलं.

"चौथी. उर्दू शाळेत."

सरांनी नाव खोडून तिथं 'स्थानिक साहाय्य' लिहिलं. मी मान डोलावली.

छापील अंक घेऊन मी अकोल्याला गेलो. मिस्त्रींनी तो हात पुसून घेतला.

"यात मी कुठं हाय?"

मी त्या दोन शब्दांवर बोट ठेवलं आणि अर्थ सांगितला. त्यांनी अंक मिटून स्टोव्हांशेजारी ठेवला. मला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं. पण मी नुसता अंक द्यायला आलो नव्हतो. सरांना आता निम्म्या आकाराचा दहनकक्ष हवा होता. मी चित्र पुढे केलं. मिस्त्रींनी ते न उघडता परत दिलं.

"साहेबाले सांगा, पह्यले नाव लिहून आना. भोकं मंग सांगतो."

हा निरोप मी सरांना जसाच्या तसा, वऱ्हाडीतच सांगितला. त्या कॉलेजातलं माझं तेवढं एकच शौर्य.

"या लोकांना संशोधनातलं काही समजत नाही," सर म्हणाले, आणि त्यांनी पट्टी घेऊन स्वतः भोकं आखायला घेतली. पुढचे दोन महिने ज्योत विझत राहिली. मग एके दिवशी त्यांनी विभागाची बैठक बोलावून जाहीर केलं, की खरं भविष्य पवनचक्क्यांचं आहे.