मामांची न उघडलेली उत्तरं

संगणकालाही गुरू मानणारा विद्यार्थी अख्ख्या जालना जिल्ह्यात एकच झाला, आणि तो माझ्या वाट्याला आला. मस्तगडला राहणारे, एका सरकारी कचेरीतले शिपाई. वय पन्नाशीला टेकलेलं. आमच्या दूरशिक्षण केंद्रातली पोरं त्यांना मामा म्हणत, म्हणून मीही मामाच म्हणू लागलो. मी त्या केंद्राचा मार्गदर्शक. दोन हजार साल उलटल्यावर आमचा अभ्यास संगणकावर आला. धडे पडद्यावर वाचायचे, स्वाध्यायाची उत्तरं तिथंच लिहून पाठवायची आणि मी ती तिथंच तपासायची.

मामा नवीन जालन्यात स्टेशनजवळच्या इंटरनेट कॅफेत जात. दाराशी चपला काढत, पडद्याला नमस्कार करत आणि मगच खुर्चीत बसत. धडा वहीत उतरवून घेताना ‘पुढे जा’, ‘मागे जा’ ही बटणांवरची अक्षरंसुद्धा लाल शाईनं लिहीत. कॅफेवाल्या ताई एकदा म्हणाल्या, “मामा, ते कशाला लिहून राह्यले? ते न्हाई येत परीक्षेत.” मामा गंभीरपणे म्हणाले, “ताई, सरांनी फळ्यावर लिहिलेलं सगळं उतरवायचं असतंय. काय येईल न् काय न्हाई, ते आपण कोण ठरवणार?” उत्तर पाठवताना ते उठून उभे राहत, आणि प्रत्येक उत्तराखाली ‘आपला आज्ञाधारक’ असं न चुकता लिहीत. हा सगळा खटाटोप एवढ्यासाठी, की पदवी मिळाली तर ते शिपायाचे कारकून होणार होते, आणि बढतीच्या वयाच्या अटीत त्यांचं तेवढं एकच वर्ष उरलं होतं.

आता जे इतकी वर्षं कुणाला सांगितलं नाही ते सांगतो. मला संगणक येत नव्हता. तीस वर्षं खडूनं शिकवलेला माणूस मी, पोरांसमोर ते कबूल करायची लाज वाटली. उत्तरं उघडायला मला आलेला पासवर्डचा लिफाफा टेबलाच्या खणात पडून राहिला. पुढच्या आठवड्यात शिकू, असं म्हणता म्हणता वर्ष सरलं. बाकीच्यांनी खबरदारी म्हणून उत्तरं कागदावरही आणून दिली होती; मामांनी फक्त नियम पाळला होता. गुणांच्या तक्त्यात मी त्यांच्या नावापुढे लिहिलं, ‘स्वाध्याय पाठवले नाहीत’. त्यांना परीक्षेला बसता आलं नाही. विचारायला आले तेव्हा मी म्हणालो, “मामा, आले असते तर दिसले नसते का?”

“बराबर आहे सर,” म्हणून ते निघून गेले.

पुढे माझ्या जागी आलेल्या मॅडमनी संगणकावर त्या वर्षाच्या स्वाध्यायांचं पान उघडून दाखवलं. मामांचे सगळे स्वाध्याय तिथं होते, एकूण एक मुदतीत. तेव्हाही मी गप्प राहिलो. मामा शिपाई म्हणूनच निवृत्त झाले.

गेल्या महिन्यात त्यांच्या घरी जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी हातातली बशी खाली ठेवली.

“मला तवाच माहीत होतं सर. माझ्या उत्तरासमोर पडद्यावर वर्षभर तसंच लिहिलेलं राहायचं, ‘मार्गदर्शकांनी वाचलेले नाही’. म्हणलं, सरांना येत नसंल.”

“मग बोलला का नाहीत, मामा?”

“दोनदा आल्तो केंद्रावर. तुम्ही पोरांना शिकवून राह्यल्ते. मंग सगळ्यांसमोर कसं म्हणावं, सर, चला, मी शिकवतो तुम्हाला?”

त्या दोन्ही वेळा ते दारात उभे असलेले मला दिसले असणार. आत या, असंही मी म्हणालो नसेन.